कच्चे लिंबू

बडोद्याहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. पत्र तक्रारीचे आहे, परंतु तक्रार नेहमीची नाही. त्यांचा मुलगा नववीत आहे. शाळा केंद्रीय मंडळाची. या मंडळाने २०२० साली शाळांना कलेशी जोडलेले प्रकल्प करावयास सांगितले आणि नववी-दहावीच्या मुलांनी त्यांतला निदान एक प्रकल्प आपल्या राज्याशी जोडी लावून दिलेल्या राज्याच्या कलेवर करावा असे ठरविले. गुजरातची जोडी छत्तीसगडशी लागली, म्हणून या मुलाच्या गटाच्या वाट्याला बस्तरची ढोकरा मूर्तिकला आली. पाच मुलांचा गट, आठ दिवसांची खटपट, मोठा तक्ता, त्यावर रंगीत चित्रे. सगळे कसे देखणे झाले आणि पैकीच्या पैकी गुण मिळाले. आईने सहज विचारले, "अरे, ही मूर्ती घडवितात कशी?" मुलगा म्हणाला, "ते मला ठाऊक नाही. मी थर्मोकोल आणले होते." चौकशीअंती कळले की आधीच्या प्रकल्पात त्याने चार्टपेपर आणला होता आणि त्याच्या आधीच्या प्रकल्पात डिंकाची बाटली. "गुण कमी मिळाले असते तर शाळेत जाऊन भांडले असते," असे या भगिनी लिहितात, "पण गुण पुरे मिळाले आहेत. आता भांडू तरी कशासाठी?"

मुलगा पन्नास-साठ टक्क्यांच्या घरातला आहे. नापास होणाऱ्यांत नाही, वर येणाऱ्यांतही नाही. हे मुद्दाम सांगतो आहोत, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

गटाने करावयाच्या कामाविषयी या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे हुशार मुलांच्या घरून येतात व त्यांचा सूर ठरलेला असतो: आमच्या मुलीने रात्री जागून सारे केले आणि गुण मात्र पाच जणांत वाटले. ही तक्रार खोटी नाही. भागीचे घोडे किवणाने मेले, ही म्हण आपल्याकडे उगाच पडलेली नाही. फ्रान्समधील शेतकी अभियंता माक्स रिंगेलमान याने तर ती दोर ओढावयास लावून मोजली. त्याचे प्रयोग १९१३ साली प्रसिद्ध झाले. एकटा माणूस जेवढा जोर लावतो तेवढा तो घोळक्यात लावीत नाही. आठ जण मिळून ओढू लागले की दर माणशी जोर जवळजवळ निम्म्यावर येतो. काही अंशी सर्वांची ओढ एकाच क्षणी पडत नाही म्हणून, आणि काही अंशी दुसरा ओढतोच आहे म्हणून. परंतु थर्मोकोल आणणारा हा मुलगा आळशी नव्हता. सांगितलेली वस्तू त्याने वेळेवर आणून दिली. त्याला दोराला हातच लावू दिला गेला नव्हता, आणि या दोन गोष्टींत पुष्कळ अंतर आहे.

लपंडाव किंवा शिवाशिवी रंगात आलेली असताना कोणाचा तरी धाकटा भाऊ रडत येतो, ताईला सोडावयास तयार होत नाही. मग त्याला खेळात घेतात, पण कच्चे लिंबू म्हणून. तो धावतो, ओरडतो, खुशीत असतो. मात्र तो बाद होत नाही आणि त्याच्यावर राज्य येत नाही. चार वर्षांच्या मुलासाठी ही फार समंजस सोय आहे. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तोच अपमान होतो, आणि पुऱ्या गुणांच्या कागदात गुंडाळून दिल्यामुळे तो कोणाच्या नजरेस येत नाही.

आता शाळेत गट पाडतात कसे ते पाहू. सर्वांत सोपी रीत हजेरीपटाची. पहिले पाच एका गटात, पुढचे पाच दुसऱ्या गटात. यात शिक्षकाला विचार करावा लागत नाही, एवढाच हिचा गुण. नावांच्या क्रमाने हजेरी लागत असली तर तेच पाच चेहरे वर्षानुवर्षे एकमेकांच्या वाट्याला येतात. दुसरी रीत "तुमचे तुम्ही गट करा" अशी. मुलांना ती अतिशय आवडते. तीन मिनिटांत वर्गातल्या मैत्र्या, एका सोसायटीतली, एका रिक्षातून येणारी, एका शिकवणीला जाणारी मुले आपोआप एकत्र होतात, आणि शेवटी भिंतीपाशी दोन-तीन मुले उभी राहतात. मग शिक्षिका विचारतात, "याला कोण घेणार?" वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मी अनेक वर्गांत ऐकला आहे. तो ऐकताना त्या मुलाचे तोंड पाहवत नाही. तिसरी रीत विचारी शिक्षकांची: दर गटात एक हुशार, एक कच्चा, बाकीचे मधले. हिलाच समतोल गट म्हणतात, आणि पुष्कळदा चर्चा तेथेच थांबते.

गंमत अशी की समतोल गट पाडण्याची कला मुलांना शाळेत येण्याआधीच अवगत असते. हुतुतू किंवा आट्यापाट्या खेळावयाच्या असल्या म्हणजे दोन नायक ठरत. बाकीची मुले आपापल्या तोडीचा जोडीदार शोधीत, गळ्यात हात घालून लांब जात, कानात काही ठरवीत, आणि नायकांपुढे येऊन विचारीत, "सोने घेता की चांदी?" कोण सोने आणि कोण चांदी हे नायकांना ठाऊक नसे. एक इकडे गेला की त्याच्या तोडीचा तिकडे जाई. कोणी शेवटी उरत नसे, कोणाला "तू नको" असे म्हणावे लागत नसे आणि दोन्ही बाजू सारख्या होत. शिक्षणशास्त्राच्या पदवीशिवाय निघालेली ही युक्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकात शोभावी.

पण खेळातला तोल आणि वर्गातला तोल यांत फरक आहे. खेळात दोन बाजू एकमेकींच्या तोडीच्या असाव्या लागतात, नाही तर खेळच रंगत नाही. वर्गात एक गट दुसऱ्याच्या तोडीचा आहे की नाही याला फारसे महत्त्व नाही. तेथे गटाच्या आत काय चालते त्याला महत्त्व आहे. विचारी शिक्षकही बहुधा पहिला तोल साधतात आणि दुसरा साधला असे समजतात.

आकड्यांत पाहू. वर्गात चाळीस मुले आहेत, परीक्षेतील क्रमाने त्यांची यादी केली आहे आणि चौघांचे दहा गट पाडावयाचे आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रॉबर्ट स्लेव्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात सांघिक अभ्यासाच्या ज्या पद्धती बसविल्या, त्यांत एक नागमोडी वाटणी आहे: यादीवरून खाली येताना पहिल्यापासून दहाव्या गटापर्यंत एकेक मूल द्यावयाचे, मग उलट फिरून दहाव्यापासून पहिल्यापर्यंत, पुन्हा सुलट, पुन्हा उलट. पहिल्या गटात क्रमांक १, २०, २१ आणि ४० येतात. बेरीज ८२. दहाव्या गटात १०, ११, ३० आणि ३१ येतात. बेरीज पुन्हा ८२. कोणताही गट घ्या, बेरीज ८२च. याहून न्याय्य वाटणी ती कोणती? परंतु पहिल्या गटात डोकावून पाहा. तेथे वर्गातला पहिला मुलगा आणि वर्गातला शेवटचा मुलगा समोरासमोर बसले आहेत, आणि मध्ये विसावा व एकविसावा. दहाव्या गटात असे काहीच नाही. तेथे चौघेही एकमेकांना समजतील इतके जवळ आहेत. बेरीज एक असली तरी हे दोन गट एकसारखे नव्हेत.

पहिल्या गटात काय घडते ते लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील नोरीन वेब यांनी १९८०च्या सुमारास गणिताच्या वर्गांत मुलांची बोलणी टिपून टिपून पाहिले. अव्वल, मध्यम आणि कच्ची अशी तिन्ही प्रकारची मुले एका गटात घातली की हुशार मूल गुरुजी होते आणि कच्चे मूल शिष्य होते. गुरुशिष्यांची जोडी जमते, आणि मधली मुले बाजूला पडतात. त्यांना कोणी समजावून सांगत नाही, कारण ती अडलेली दिसत नाहीत. त्यांना कोणी विचारीतही नाही, कारण विचारण्याजोगा दुसरा हजर असतो. १९९६ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला गेला, त्यातूनही तेच निघाले: कच्च्या मुलांना मिश्र गटाचा फायदा होतो, हुशार मुलांना गट कसाही असला तरी फारसा फरक पडत नाही, आणि मधली मुले आपल्या बरोबरीच्यांत अधिक शिकतात. बडोद्याच्या त्या भगिनींनी हे ध्यानात घ्यावे. त्यांच्या मुलाला कोणी मुद्दाम बाजूला सारले असेल असे नाही. समतोल म्हणून पाडलेल्या गटात जी जागा मधल्या मुलाला मिळते, ती त्याला मिळाली.

यावर एक साधा उपाय आहे. चाळिसांच्या यादीचे दहा-दहांचे चार भाग करावेत आणि प्रत्येक भागातून त्याच जागेवरचे मूल घ्यावे: १, ११, २१, ३१ हा एक गट, १०, २०, ३०, ४० हा शेवटचा. बेरजा आता सारख्या येत नाहीत. पहिल्या गटाची ६४ होते, शेवटच्याची १००. पण कोणत्याही गटात वरच्या आणि खालच्या मुलात तीसपेक्षा अधिक अंतर नाही, आणि शेजारच्या पायरीवरचे कोणी ना कोणी प्रत्येकाला मिळते. गटागटांची शर्यतच लावावयाची नसेल तर बेरजेचा आग्रह सोडून द्यावा, असे माझे मत आहे.

वेब यांच्या टिपणांतली आणखी एक गोष्ट मुलींच्या आयांसाठी सांगण्यासारखी आहे. दोन मुलगे आणि दोन मुली असलेल्या गटात बोलणे बरोबरीने चालत असे. तीन मुलग्यांत एकच मुलगी असली की तिच्याकडे दुर्लक्ष होई. आणि तीन मुलींत एकच मुलगा असला तर त्या तिघीही त्याच्याच तोंडाकडे पाहत. "दर गटात निदान एक तरी मुलगी" हा नियम कानाला बरा लागतो, पण मुलीच्या दृष्टीने तोच सर्वांत वाईट.

हुशार मुलांच्या पालकांसाठीही तेथे उत्तर आहे. ज्या मुलाने दुसऱ्याला का व कसे ते समजावून सांगितले, ते स्वतः अधिक शिकले. ज्याने नुसते उत्तर पुढे सरकविले, त्याचा काही लाभ झाला नाही, आणि ज्याने ते उतरवून घेतले त्याचा तर नाहीच नाही. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून पाढे म्हणून घेत, त्यात मोठ्यांचेही पाढे पक्के होत. रात्री जागून पाच जणांचे काम एकटीने उरकणारी मुलगी मात्र कोणालाच काही समजावून सांगत नसते. तिचे नुकसान झोपेपुरते नाही.

कोणाला कोणाशेजारी बसवावे, हा प्रश्न आपल्या देशात नुसता अध्यापनाचा कधीच नव्हता. सातारच्या शाळेत मुलांना वर्गातील क्रमाप्रमाणे बसवीत, पण लहान भीमरावांना मात्र त्या क्रमाप्रमाणे बसू दिले जात नसे. एका कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावे लागे, हे बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहून ठेवले आहे. १९१३ साली त्यांना शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेस पाठविणाऱ्या सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या सबंध राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. सक्तीने मूल शाळेच्या दारातून आत येते. शेजारच्या मुलाच्या बोलण्यात ते येईलच असे नाही. "तुमचे तुम्ही गट करा" असे म्हणताना शिक्षकाने आपण काय मोकळे सोडीत आहोत याचा क्षणभर विचार करावा. वस्ती, जात, घरची भाषा, वडिलांचा हुद्दा हे सारे त्या तीन मिनिटांत वर्गात येऊन बसते.

अमेरिकेत टेक्सास प्रांतातील ऑस्टिन या गावी १९७१ साली असाच प्रसंग होता. तोवर वेगवेगळ्या शाळांत शिकणारी गोरी, काळी आणि मेक्सिकन कुळातली मुले एका वर्गात आणली गेली होती आणि वर्गांतून मारामाऱ्या चालू होत्या. शाळांनी एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञास बोलाविले. त्याने व त्याच्या विद्यार्थ्यांनी वर्गात बसून पाहिले आणि ओळखले की मुले एकत्र बसली तरी प्रत्येक जण शिक्षकाचे लक्ष आपल्याकडे वेधण्यासाठी दुसऱ्याशी झगडतो आहे. मग त्यांनी पाच-सहा मुलांचे मिश्र गट केले आणि धड्याचे तितकेच तुकडे केले. प्रत्येक मुलाच्या हाती एकच तुकडा. बाकीचे तुकडे मिळविण्याचा मार्ग एकच: ज्याच्याजवळ तुकडा आहे त्याचे ऐकून घेणे. तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याचे कोडे असते, त्याला इंग्रजीत जिगसॉ म्हणतात. तेच नाव या पद्धतीला पडले.

ॲरन्सनने सांगितलेला एक प्रसंग आपल्यासारख्यांना चटकन समजेल. एका गटात घरी स्पॅनिश बोलणारा मुलगा होता. इंग्रजी त्याला येत होते, पण वर्गात बोललो की हसतात हे ठाऊक असल्यामुळे तो गप्प राही. त्याची पाळी आली, तो अडखळला, मुले चिडवू लागली. तेथे लक्ष ठेवणाऱ्या व्यक्तीने रागावण्याऐवजी एवढेच सांगितले, की हवे तर चिडवा, पण त्याच्याजवळचा भाग दुसऱ्या कोणाजवळ नाही आणि थोड्या वेळात परीक्षा आहे. काही दिवसांत मुले चिडवायचे सोडून नीट प्रश्न विचारू लागली. तो बोलू लागला. तो वाटला होता तसा मठ्ठ नाही, हे मग त्यांच्या ध्यानात आले. तुकडा हातात असलेला मुलगा कच्चे लिंबू होऊच शकत नाही; राज्य त्याच्यावर आलेलेच असते.

बस्तरच्या ढोकरा मूर्तीचे चौघांत असेच चार भाग करता आले असते. एकाने घडण सांगावी: मातीच्या गाभ्यावर मेणाच्या तारांनी नक्षी कशी घालतात, वर पुन्हा मातीचा लेप कसा देतात, भाजताना मेण वितळून गेले की त्या पोकळीत पितळेचा रस कसा ओततात आणि शेवटी साचा फोडून मूर्ती कशी काढतात, एका साच्यातून एकच मूर्ती निघते ती का. दुसऱ्याने कारागीर सांगावेत: घडवा समाज, कोंडागावचे कारखाने, घरात कोणते काम कोण करते. तिसऱ्याने त्या वस्तूंचा उपयोग सांगावा: देव, दिवे, मापे, दागिने. चौथ्याने इतिहास सांगावा, कारण मोहेंजोदडोची नर्तकी याच रीतीने ओतलेली आहे आणि तिला चार हजारांहून अधिक वर्षे झाली. निरनिराळ्या गटांतल्या "घडण" वाल्यांनी आधी एकत्र बसून आपला भाग पक्का करावयाचा आणि मग आपापल्या गटात परत येऊन तो शिकवावयाचा. त्यामुळे मधल्या किंवा कच्च्या मुलालाही गटापुढे रिकाम्या हाताने जावे लागत नाही. तक्ता, रंग, थर्मोकोल हे नंतर. नाही केले तरी चालेल, पण आमच्या शाळांना देखणेपणाचा मोह सुटत नाही हे मी जाणते.

शेवटी परीक्षा मात्र ज्याची त्याने एकट्याने द्यावयाची. स्लेव्हिन यांच्या पद्धतीत प्रत्येक मुलाने आपल्याच पूर्वीच्या गुणांपेक्षा किती प्रगती केली ते पाहतात आणि त्या प्रगतीचे गुण गटाच्या खात्यावर जमा करतात. चाळिसावरून पन्नासावर आलेला मुलगा अशा हिशेबात गटाला नव्वदच्या नव्वदवर राहिलेल्या मुलापेक्षा अधिक देऊन जातो. एवढा हिशेब ठेवणे शिक्षकांना जड वाटत असेल तर चिठ्ठी टाकावी: गटाचे काम वर्गापुढे कोण सांगणार हे आयत्या वेळी चिठ्ठी काढून ठरवावे. आपला मधला मुलगा उभा राहू शकतो एवढे कळल्यावर हुशार मुलगी रात्री एकटी जागत बसत नाही, त्याला शिकवीत बसते. त्या भगिनींनी पालकसभेत भांडावयाचेच असेल तर या चिठ्ठीसाठी भांडावे. गुणांना हात न लावता करता येण्यासारखी ही मागणी आहे आणि तिला खर्च काही नाही.

आपल्या घरांचा म्हणून एक खास प्रश्न आहे तो भाषेचा. आपली मुले घरी मराठी, अंगणात गुजराती, हिंदी किंवा कन्नड आणि वर्गात बहुधा इंग्रजी बोलतात. गटाला काम दिले आणि "फक्त इंग्रजीतच बोला" असा दंडक घातला की ज्याचे इंग्रजी सफाईचे, तो आपोआप नायक होतो, मग विषय त्याला समजलेला असो वा नसो. काम चालू असताना मुलांना हव्या त्या भाषेत बोलू द्यावे, इंग्रजी शेवटी सांगताना आणावे. महाराष्ट्रातून बदलीने आलेल्या मुलाला तर पहिले सहा महिने दोन्ही भाषा येणारा एक सोबती गटात हवाच. गुजरातेत २०२३च्या कायद्याने सर्व शाळांत पहिली ते आठवी गुजराती सक्तीची झाली आहे, त्यामुळे साताऱ्याहून पाचवीत आलेल्या मुलापुढे नवी लिपीसुद्धा उभी राहते. परंतु "आमची मराठी मुले एका गटात ठेवा" अशी विनंती घेऊन काही पालक जातात, ती मला मान्य नाही. एका सत्राची सोबत पुरेशी आहे. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी १९८६ साली गटकार्यावर जे पुस्तक लिहिले, त्यात त्यांचा भर यावरच आहे की एका कामाला अनेक प्रकारची अक्कल लागते, ती सगळी कोणा एकाजवळ नसते, आणि ज्या मुलाला वर्गाने गौण ठरविले आहे त्याने नेमके काय चांगले केले ते शिक्षकाने सर्वांसमक्ष सांगावे. नुसती शाबासकी नव्हे, नेमके काय ते. दोन भाषांत ये-जा करणारे मूल ज्या गटात असते, त्या गटाला एक दुभाषी मिळालेला असतो. हे शिक्षकाने एकदा मोठ्याने म्हटले तर बिघडत नाही.

ही सारी योजना एका गृहीतावर उभी आहे. प्रत्येक मुलाला आपला तुकडा वाचता येतो, हे ते गृहीत. चौथीत येऊनही अक्षर न लागणाऱ्या मुलाच्या हाती तुकडा देणे म्हणजे त्याला चारचौघांत उघडे पाडणे आहे. येथे समतोल गटाचा हट्ट सोडलाच पाहिजे, आणि याचा पुरावा बडोद्यातच मिळालेला आहे. २००१ ते २००३ या काळात बडोदे आणि मुंबई येथील प्राथमिक शाळांत "प्रथम" या संस्थेच्या बालसखी उपक्रमाची पद्धतशीर तपासणी झाली. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर काढून वस्तीतल्याच एका तरुणीकडे, म्हणजे बालसखीकडे, वाचन व अंकगणितासाठी दिली जात. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो व त्यांचे सहकारी यांनी २००७ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोन्ही शहरांत मुलांचे गुण वाढले आणि वाढ मुख्यतः मागे पडलेल्या मुलांत झाली. बॅनर्जी व डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ साली नोबेल मिळाले, तेव्हा बडोद्याच्या पालिका शाळांचे नावही जगभर गेले. आपल्याकडे त्याची चर्चा फारशी झाली नाही.

मग समपातळीचे गट चांगले की मिश्र? दोन्ही, पण निरनिराळ्या कामांसाठी आणि दिवसाच्या निरनिराळ्या वेळी. वाचावयास शिकण्यासाठी समपातळी, कारण तेथे सर्वांना एकच पायरी चढावयाची असते. वाचलेले घेऊन काही करण्यासाठी मिश्र. घोटाळा होतो तो पहिल्या प्रकारचा गट कायमचा झाला म्हणजे. गुणांवरून पाडलेल्या अ, ब, क तुकड्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. क तुकडीतला मुलगा अ तुकडीत गेल्याचे कोणाला आठवत असेल तर त्याने जरूर कळवावे. बालसखीकडचे मूल उरलेला वेळ आपल्याच वर्गात, आपल्याच सोबत्यांत असे, हा त्या योजनेतला बारकावा विसरता कामा नये.

राहता राहिली संख्या आणि मुदत. पाचांपेक्षा चौघांचा गट बरा. पाचांत दोन जोड्या जमतात आणि पाचवा थर्मोकोल आणावयास जातो. वर्गात बेचाळीस मुले असतील तर चौघांचे नऊ आणि तिघांचे दोन गट करावेत, उरलेल्या दोघांना कोणाच्या तरी गटात कोंबू नये. पाच-सहा आठवड्यांनी गट बदलावेत आणि कोण कोणाबरोबर बसून झाला याची नोंद शिक्षकाने वहीच्या एका पानावर ठेवावी. जागेची अडचण सांगतात, पण दोघांच्या बाकांच्या वर्गात एकाआड एक बाकावरच्या मुलांनी मागे वळून बसले की चौघे समोरासमोर येतात. बाक हलवावा लागत नाही, आणि शेजारच्या वर्गातून आवाजाची तक्रार यायच्या आत काम सुरू होते.